परत न घेतां येणारी खेळी

बुद्धिबळांतील मोठीं नांवें आमच्या वाचकांना अपरिचित नाहींत. १९५५ सालीं एलुरू येथें झालेल्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेंत आपले रामचंद्र सप्रे हे संयुक्त विजेते ठरले. १९७४ सालीं स्त्रियांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा मुंबईच्या वासंती खाडिलकर यांनीं जिंकली. तथापि विद्यार्थ्यांनीं अधिक लक्ष द्यावें तें, आमच्या मतें, दोन साधारण खेळाडूंच्या नियमबद्ध डावाकडे.

लांज्यास पावसाळ्यांत ओटीवर पट मांडला जातो. डाव दोघांचा, पण सल्ला देणारे चार! घोडा चुकीच्या घरीं ठेवावा आणि ‘राहूं द्या हो काका’ म्हणून परत घ्यावा, हें नित्याचेंच. वडील माणसें प्रेमानें मुलास खेळी परत देतात. (वेळ आली कीं स्वतःही मागून घेतात, हें सांगितल्यावांचून राहवत नाहीं.) हें प्रेम मुलास महाग पडतें.

मंडळाच्या स्पर्धेंत निराळाच कारभार. हात लावलेला मोहरा चालविलाच पाहिजे. प्रतिपक्षाच्या मोहऱ्यास हात लागला तर, शक्य असल्यास, तो मारलाच पाहिजे. मोहरा घरांत नीट बसवावयाचा असेल तर आपल्या पाळीस तसें आधीं बोलून दाखवावें लागतें. खेळी झाली कीं त्याच हातानें घड्याळ दाबावयाचें आणि ती खेळी टिपून ठेवावयाची. तिऱ्हाइतानें ब्रही काढावयाचा नाहीं.

या टिपणाचें महत्त्व आम्हांस फार वाटतें. डाव संपल्यावर दोघे तें समोरासमोर वाचतात, तेव्हां हरलेल्यास उमगतें कीं २१ व्या खेळीस हत्ती गेला खरा, पण डाव १२ व्या खेळीसच बिघडला होता. जिंकणाऱ्यासही दिसतें कीं आपला जय प्रतिपक्षाच्या डुलकीमुळें झाला. नामांकितांच्या डावांत चूक बहुधा इतकी बारीक असते कीं ती आपल्या डोळ्यांस दिसतच नाहीं.

मात्र नियम त्यांनाही तोच. जुलै २०२५ मध्यें बातुमी येथें महिला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यांत नागपूरची दिव्या देशमुख आणि कोनेरू हंपी यांचे दोन्ही दीर्घ डाव बरोबरींत सुटले. निकाल जलद डावांत लागला. दुसऱ्या जलद डावाच्या अखेरीस हंपी यांच्या हातून चूक झाली, ती कोणी परत दिली नाहीं.

एवढ्या कडक शिस्तीनें मूल रडेल, असें कांहीं पालक म्हणतील. रडेल खरें. तरीही शाळेनें एक पट, एक घड्याळ आणि दोन वह्या घेऊन मुलामुलींना असे डाव खेळावयास बसवावें. ओटीवरही येत्या पावसाळ्यांत हाच नियम चालवून पाहावा; फक्त तो काकांनाही लागू असावा.