वायर जोडणारे हात

मागच्या महिन्यात एका जिल्हा परिषद शाळेत अर्धा दिवस बसायला मिळालं. सातवीचा वर्ग, पट ३१, त्यात मुली १७. लोकसहभागातून घेतलेला टीव्ही भिंतीवर. बाईंनी विज्ञानाचं पुस्तक उघडलं आणि म्हणाल्या, "टीव्ही लावा रे." लगेच मागच्या बाकावरचे दोघे उठले. एकाने एक्स्टेन्शन बोर्ड आणला. दुसरा खुर्चीवर चढला, एचडीएमआयची वायर खोचली, रिमोटने सोर्स बदलला आणि बाईंच्या मोबाईलचा हॉटस्पॉट जोडून दिला. तेवढ्या वेळात पहिल्या रांगेतली एक मुलगी फडकं घेऊन आली आणि टीव्हीवरची धूळ पुसून गेली. तास संपल्यावर झालर लावलेलं कापडी कव्हर चढवलं तेही तिनेच. यातल्या कोणालाही बाईंनी नावाने हाक मारली नव्हती. "रे" म्हटल्यावर कोणी उठायचं आणि फडकं कोणी घ्यायचं, हे अख्ख्या वर्गाला पाठ होतं.

त्या दिवशीचा व्हिडिओ विद्युत परिपथाचा होता, आणि त्यात बल्ब पेटवून दाखवणारी मुलगीच होती.

मुलांपुढे कोणती चित्रं येतात याबद्दल आपण बरेच जागे झालो आहोत. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकातली चित्रं बदलली, घरकामात बाबाही दिसू लागले, तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी त्यावर वर्गात छान चर्चा घेतल्या. ते काम मोलाचं आहेच. पण मूल चित्र पाहतं आठवड्यातून एखाद्या वेळी, आणि वायर कोण जोडतं हे पाहतं रोज. बाईचं काम कोणतं, बाप्याचं काम कोणतं, ही शिकवण त्या रोजच्या पाहण्यातून पक्की होते. तंत्रज्ञान वर्गात आलं म्हणून ती आपोआप पुसली जात नाही. उलट वर्गात आणखी एक वस्तू येते आणि तिच्याही कामांची वाटणी होऊन बसते.

मुली घरून काय घेऊन येतात तेही पाहू. 'असर'च्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीनुसार १४ ते १६ वयोगटात स्मार्टफोन वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन असलेले मुलगे ३६.२ टक्के आणि मुली २६.९ टक्के. भावाच्या हातातला फोन मागून घेणाऱ्या मुलीला निवांत चार बटणं दाबून बघायला, चुकायला, पुन्हा करायला फार थोडा वेळ मिळतो. तो वेळ तिला शाळेत मिळाला नाही, तर कुठेच मिळत नाही. मग लॅबमध्ये एका संगणकावर तिघं बसतात, माऊस ज्याला आधीपासून येतं त्याच्याकडे जातो, आणि ती वहीत पायऱ्या उतरवून घेते. तिची वही सुंदर असते. आपण तिला शेराही चांगला देतो. मला या शेऱ्याचीच काळजी वाटते.

अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात हेच दिसलं होतं. संगणकशास्त्राच्या पहिल्या वर्षात १९९५ साली मुली फक्त ७ टक्के होत्या. जेन मार्गोलिस आणि ॲलन फिशर यांनी विद्यार्थ्यांच्या मुलाखती घेतल्या तेव्हा कळलं, की घरचा संगणक बहुतेक वेळा मुलाच्या खोलीत असायचा. विद्यापीठाने प्रवेशाच्या वेळी आधीच्या अनुभवाला दिलेलं वजन कमी केलं, नवख्यांसाठी वेगळी सुरुवात ठेवली. २००० साली मुली ४२ टक्के झाल्या. पाच वर्षांत मुलींची बुद्धी बदलली नव्हती.

आता थोडं आपल्याबद्दल. शाळेत प्रोजेक्टर बिघडला की "सर, जरा बघता का?" असं म्हणणाऱ्या बाई आणि उत्साहाने धावणारे सर, हे दृश्य बऱ्याच शाळांत दिसतं. तालुक्याच्या तंत्रस्नेही शिक्षकांच्या गटात, मी ज्या ज्या बैठकांना गेलो तिथे, समोर बोलणारे बहुतेक सर आणि मागे हजेरीपट व चहाची व्यवस्था पाहणाऱ्या बाई. सातवीतली मुलगी सरकारी परिपत्रक वाचत नाही. ती आपल्या बाईंकडे पाहते. बाईंनीच वायर लावायला मुलाला बोलावलं, तर तिने काय शिकावं?

आणखी एक गोष्ट. हल्ली स्वाध्यायपत्रिका एआयकडून करून घेतल्या जातात. आपल्या मराठीत क्रियापदच लिंग सांगतं. त्यामुळे इंग्रजी वाक्य मराठीत आणताना 'करतो' की 'करते' हे यंत्राला ठरवावं लागतं, आणि ते ठरवतं आजवर वाचलेल्या मजकुराच्या सवयीने. झेरॉक्स काढण्याआधी पत्रिकेतली गणितं एकदा वाचा. दुकानदार कोण, हिशेब कोण करतं, भांडी कोण घासतं, हे पाहून हवं तिथे पेनाने बदला. पाच मिनिटांचं काम आहे.

बाकी माझी विनंती साधी आहे. टीव्ही आणि लॅबसाठी पाळीचा तक्ता करा, जसा परिपाठाचा करतो. लावणं, जोडणं, बिघाड शोधणं, पुसणं, कव्हर घालणं, सगळी कामं त्यात नावानिशी लिहा आणि सगळी सगळ्यांकडे फिरू द्या. लॅबमध्ये दर दहा मिनिटांनी माऊसवरचा हात बदला. आणि बाईंनो, पुढच्या वेळी वायर स्वतः लावा, वर्गासमोर, अडली तरी.

यात वेळ जातो, ही तक्रार खरी आहे. सुरुवातीला सांगितलेल्या त्या शाळेतल्या बाईंनी पुढच्या सोमवारपासून असा तक्ता लावला. पहिल्या दिवशी टीव्ही सुरू व्हायला दोनऐवजी नऊ मिनिटं लागली, असं त्यांनी फोनवर सांगितलं. आठवड्याने चार. कव्हर घालायची पाळी आता त्या मागच्या बाकावरच्या दोघांची आहे. तुमच्या शाळेतला तक्ता आणि महिन्याभराचा अनुभव पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत आमच्याकडे पाठवा. जमलं नाही तर का जमलं नाही, तेही लिहा.