पाइपाचे बिल आणि पॅटर्नचे बिल

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने मोटारीच्या धुराच्या नळीवर लेख लिहावा याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु आमचे मावला हे गाव नागपूर-हैदराबाद महामार्गावर, आदिलाबादला अगदी चिकटून आहे. घरात मराठी, रस्त्यावर तेलुगू आणि गॅरेजात दोन्ही, अशा वातावरणात आम्ही वाढलो. त्यातल्या एका मिस्त्रीकाकांच्या वह्या मी सुट्टीत लिहितो. त्यामुळे हा विषय माझ्याकडे आला तो जमाखर्चाच्या दाराने.

जुन्या मोटारीत दुसरे इंजिन बसवणे आपल्याकडे नवे नाही. कारखान्यांनीच ते केले आहे. कुर्ल्याच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सने १९८५ च्या सुमारास ११८ एनई ही गाडी काढली, तिचे अंग फियाट १२४ चे आणि इंजिन निस्सानच्या घराण्यातले. अँबॅसॅडरमध्ये वर्षानुवर्षे १४८९ सीसीचे ब्रिटिश वळणाचे इंजिन होते. पुढे नव्वदीच्या दशकात त्याच बॉनेटखाली इसुझूचे १८०० सीसीचे इंजिन आले. मात्र कारखान्याजवळ ड्रॉइंग ऑफिस असते. रस्त्याकडेच्या मिस्त्रीजवळ पुठ्ठा, तार आणि नजर एवढेच असते.

इंजिन एकदाचे बसते. गिअरबॉक्सही जुळतो. खरी अडचण येते ती एक्झॉस्ट मॅनिफोल्डपाशी. इंजिनाच्या चारही सिलिंडरांतून निघणारा जळका वायू गोळा करून एका नळीत सोडणारा हा भाग. जुन्या अँबॅसॅडरच्या हेडला धूर बाहेर पडण्याची तोंडे तीनच असत; मधले तोंड दुसऱ्या व तिसऱ्या सिलिंडरचे सामाईक. ती डाव्या अंगाला असत, आणि आपल्याकडे स्टीअरिंग उजवीकडे, म्हणून दोघांचे कधी भांडण झाले नाही. आता तेथे असे इंजिन घाला की ज्याला चार तोंडे आहेत आणि तीही उजव्या अंगाला आहेत. स्टीअरिंगचा दांडा, त्याचा बॉक्स, ब्रेकची नळी या सर्वांच्या मधून चार पाइप न्यायचे आहेत, आणि कोणालाही चटका लागता कामा नये. ब्रेकचे तेल उकळले तर पुढे काय होईल ते वेगळे सांगायला नको.

शिवाय पाइप वाटेल तसे जोडून चालत नाहीत. अशा इंजिनात सिलिंडर पेटण्याचा क्रम बहुधा एक, तीन, चार, दोन असा असतो. पाठोपाठ पेटणारे दोन सिलिंडर एकाच आखूड नळीत सोडले की पहिल्याचा धूर दुसऱ्याची वाट अडवतो. म्हणून एक आणि चार यांची जोडी, दोन आणि तीन यांची दुसरी, आणि मग दोन्ही मिळून एक. प्रत्येक जोडीतल्या दोघांमध्ये क्रँकचा पुरा एक फेरा जातो. जुन्या अँबॅसॅडरच्या त्या सामाईक तोंडात दोन आणि तीनच का शेजारी नांदत होते, हे मला काकांनी याच वेळी बोटांवर मोजून दाखवले. कागदावर नव्हे, बोटांवर!

आणखी एक गोष्ट उष्णतेची. अर्धा मीटर लांबीचे पोलाद पाचशे अंशांनी तापले तर सुमारे तीन मिलिमीटर वाढते. हेड मात्र पाण्याने थंड राहते आणि तेवढे वाढत नाही. या ओढाताणीत फ्लँज वाकते, गॅस्केट फुंकते, नाहीतर वेल्डिंग तडकते. म्हणून कडेच्या बोल्टांची भोके जरा सैल ठेवायची आणि दोन तोंडांमधली पट्टी करवतीने चिरून मोकळी करायची. ज्याने एकदा तडकलेला मॅनिफोल्ड उतरवला आहे त्यालाच हे सुचते.

आता वही पाहू. काकांना अशा एका कामाला चार दिवस लागले. त्यातले तीन दिवस वेल्डिंगची ज्योत पेटलीच नाही. गॅस्केटवरून पुठ्ठ्यावर तोंडे उतरवली, जाड तार वाकवून प्रत्येक पाइपाची वाट बसवून पाहिली, मोडली, पुन्हा वाकवली. बिलात काय आले? पाइप, बेंड, फ्लँजची पट्टी, वेल्डिंगच्या काड्या आणि एका दिवसाची मजुरी. समजा मजुरी दिवसाला आठशे रुपये धरली, तर चोवीसशे रुपये वहीत कोठेच दिसत नाहीत. मी विचारले तेव्हा काका म्हणाले, "अरे बाबा, गिऱ्हाइकाला पाइप दिसतो. तारेचे पैसे कोण देतो?"

माझे म्हणणे एवढेच आहे की हे पैसे मागितले पाहिजेत, आणि वेगळ्या ओळीत मागितले पाहिजेत. आपल्या अंकाच्या कानडी विभागातल्या मित्रांना बेळगावच्या फाउंड्र्या ठाऊक असतील. तेथे बिडाचा एखादा नवा भाग ओतायचा झाला की पॅटर्नचा खर्च निराळा लावतात. तो भाग दहा नग काढा की हजार, पॅटर्न एकदाच करावा लागतो, आणि त्याची किंमत असते याबद्दल कोणी वाद घालत नाही. काकांची वाकवलेली तार म्हणजे दुसरे काय आहे? फरक इतकाच की फाउंड्रीचा पॅटर्न रॅकवर जपून ठेवतात आणि काकांची तार भंगारात जाते.

यावर कोणी म्हणेल, गिऱ्हाईक पळून जाईल. काही जातीलही. पण आजचा हिशेबही धंद्याला फसवतोच. पहिल्या कामात न दिसणारा तोटा होतो. तसेच इंजिन तशाच गाडीत बसवण्याचे दुसरे काम आले तर ते दीड दिवसात उरकते आणि नफा आकाशातून पडल्यासारखा वाटतो. दुसरे काम आलेच नाही तर तोटा कायमचा. मग काकांचा मुलगा गॅरेज सोडून हैदराबादला डिलिव्हरीचे काम पाहतो, यात नवल ते काय?

कायद्याची बाजूही याला जोडूनच आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलायला नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी लागते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मूळ रचनेपासून वाहन दूर नेणारे बदल करता येणार नाहीत असे बजावले. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना 'व्हीए' मालिकेची वेगळी नोंदणी दिली, पण इंजिनात वा सांगाड्यात भरीव फेरबदल नसलेल्यांनाच. अपघात झाला तर जबाबदार कोण, हा प्रश्न रास्त आहे आणि कायदा कडक असावा असेच मला वाटते. परंतु याचा एक परिणाम असा की पुष्कळ बिलांवर फक्त 'सायलेन्सर दुरुस्ती' एवढेच लिहिले जाते. ज्या कामाचे नावच लिहिता येत नाही त्याचा आराखडा कोण काढणार आणि तपासणार तरी कोण? मंजुरी मागायची तर अधिकाऱ्यापुढे ठेवायला कागद हवा. तारेचे माप कागदावर उतरवायला आयटीआयचा एखादा विद्यार्थी एका दुपारी मदत करू शकेल. त्याचेही पैसे त्याच ओळीत धरावेत.

काकांना मी नव्या बिलबुकाचा मसुदा करून दिला आहे. 'पॅटर्न' ही ओळ पाइपाच्या वर ठेवली आहे. त्यांनी एकच शंका काढली, की पैसे घेतल्यावर ती तार कोणाची? फाउंड्रीत पॅटर्नचे पूर्ण पैसे भरले की तो बहुधा गिऱ्हाइकाचा होतो, राहतो मात्र फाउंड्रीच्या रॅकवर. माझ्या मते येथे पूर्ण पैसे दिले तर तार गिऱ्हाइकाची, अर्धे दिले तर मिस्त्रीची. कॉस्टिंगच्या प्राध्यापकांनी यावर आपले मत पुढच्या अंकात जरूर द्यावे.