गरुड परतला, विष राहिले

अमेरिकेतील डेन्व्हर शहराला लागून ‘रॉकी माउंटन आर्सेनल’ नावाचे अभयारण्य आहे. सुमारे पंधरा हजार एकर माळरान, त्यावर चरणारे बायसन, हरणांचे कळप. निसर्गाने युद्धावर मात केली, असे या स्थानाविषयी कौतुकाने म्हटले जाते. विधान ऐकावयास गोड आहे, पण ते अर्धेच खरे आहे.

पर्ल हार्बरनंतर, १९४२ साली, लष्कराने येथील शेतकरी कुटुंबांना उठवून ही भूमी ताब्यात घेतली. तेथे मस्टर्ड वायू तयार झाला, पुढे शीतयुद्धात सरीन. १९५२ पासून त्याच आवारात शेल कंपनी कीटकनाशके बनवू लागली, ती थेट १९८२ पर्यंत. सांडपाणी उघड्या तळ्यांत सोडले जाई. ते भूजलात झिरपून शेजारची पिके करपू लागली, तेव्हा अभियंत्यांनी बारा हजार फूट खोल विहीर खणली आणि १९६२ पासून विषारी द्रव दाबाने भूगर्भात ढकलण्यास आरंभ केला. थोड्याच दिवसांत डेन्व्हरला भूकंपाचे धक्के बसू लागले! १९६६ मध्ये विहीर बंद केली, तरी सर्वांत मोठे धक्के त्यानंतर, १९६७ मध्ये बसले. डोळ्यांआड केलेले पाप असे पायांखालून बोलते.

१९८६ च्या हिवाळ्यात तेथे पांढऱ्या डोक्याचे गरुड मुक्कामास आलेले आढळले. अमेरिकेच्या राजमुद्रेवरचा हा पक्षी कीटकनाशकांमुळेच नामशेष होण्याच्या बेतात आला होता. लोकभावना जागी झाली आणि १९९२ साली संसदेने अभयारण्याचा कायदा केला. स्वच्छता २०१० पर्यंत चालली; खर्च दोन अब्ज डॉलरहून अधिक. त्यातील काही वाटा शेलने उचलला, मोठा भार मात्र करदात्यावर पडला. गरुडाने कायद्याला निमित्त दिले. माती उपसली ती माणसांनी, न्यायालयीन झगड्यानंतर.

आणि विष गेले कोठे? बरेचसे तेथेच, मातीच्या जाड थरांखाली बंदिस्त आहे. त्या भूमीवर घरे बांधण्यास, शेती करण्यास, तेथील पाणी पिण्यास मनाई आहे. भूजल शुद्ध करणारी यंत्रे आजही चालू आहेत. टीकाकार म्हणत की, माणसाला राहावयाचे नसले म्हणजे स्वच्छता स्वस्तात उरकता येते. हा आक्षेप मला निराधार वाटत नाही. तरीही दोषी कोण हे तेथे ठरले, पैसे वसूल झाले, देखरेखीचे दायित्व कायद्याने कोणाच्या तरी शिरावर आले.

आपल्याकडे भोपाळची दुर्घटना १९८४ ची. युनियन कार्बाइडच्या आवारातील ३३७ टन कचरा पीथमपूरला हलविण्यास २०२५ उजाडले. तेथील बहुतांश दूषित माती आणि भूजल त्या ३३७ टनांत धरलेलेच नव्हते.