कोश झाले, यंत्रे मात्र इंग्रजीच

नागपूर ही मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी असताना डॉ. रघुवीर यांनी येथे संस्कृत धातूंवरून हजारो पारिभाषिक शब्द घडविले. 1950 च्या कायद्याने हिंदी व मराठी प्रांताच्या राजभाषा झाल्या. पुढे 1960 मध्ये महाराष्ट्राने भाषा संचालनालय स्थापिले. कोशांची वाण अशी नव्हतीच. मग लिपिक आजही प्रिंटर, स्कॅनर असेच का म्हणतो?

शब्द दुर्बोध होते, हे नेहमीचे उत्तर अपुरे आहे. ‘टंकलेखन’ काही सोपा शब्द नव्हे. तरी तो रुजला, कारण त्यावर पद, परीक्षा व वेतन अवलंबून होते. यंत्र अडगळीत गेले, लिपिक-टंकलेखक हे पद राहिले. नाण्याप्रमाणे शब्दालाही स्वीकारणारा लागतो. उलट ‘मुद्रक’ म्हणावे, तर तो वृत्तपत्राच्या तळाशी नाव छापला जाणारा माणूस! फॅक्सला प्रतिशब्द रूढ होण्याआधी ते यंत्रच मागे पडले.

आता एकच यंत्र छापते, प्रती काढते, स्कॅन करते आणि संगणकांच्या जाळ्यातून साऱ्या कचेरीला जोडलेले असते. कागद अडकला की पडद्यावर इंग्रजी सूचना उमटते. ती न उमगल्यास लिपिक तंत्रज्ञाची वाट पाहतो आणि दाखल्यासाठी आलेला माणूस खिडकीपाशी ताटकळतो. शासन हे या यंत्रांचे मोठे ग्राहक आहे. पडद्यावरील सूचना व माहितीपुस्तिका मराठीत असाव्यात, अशी अट निविदेत घालणे त्याच्या हाती आहे. त्यात ‘प्रिंटर’ हा शब्द तसाच राहिला तरी बिघडत नाही. ‘कागद अडकला आहे, मागील झाकण उघडा’ एवढे लिहिण्यास कोणताही कोश लागत नाही.