वजन उतरल्यावरच आनंदी व्हायचं का?

दिवसभर उपाशी राहायचं आणि रात्री घर झोपलं की डबे उघडून पोट दुखेपर्यंत खायचं. मग स्वतःचाच राग, आणि शिक्षा म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा उपाशी. बारामती-इंदापूर भागात हे चक्र मला मुलींमध्ये, गृहिणींमध्ये आणि पुरुषांमध्येही दिसतं. घरचे म्हणतात, "जिभेवर ताबाच नाही." मला हे पटत नाही. बऱ्याचदा रात्रीच्या खाण्याचं मूळ दिवसाच्या उपासमारीत असतं.

अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवलं. ते चिडचिडे आणि उदास झाले. मनात सतत अन्नच घोळू लागलं. पुढे भरपूर जेवण मिळाल्यावर काहींना थांबणंच जमेना. म्हणजे उपाशी शरीर आनंदही हिरावून घेतं.

म्हणून पहिलं औषध म्हणजे वेळेवर जेवण. तीन जेवणं, मध्ये दोनदा थोडं खाणं, आणि तीन-चार तासांपेक्षा जास्त खंड नको. काल रात्री जास्त खाल्लं असलं, तरी आज सकाळची न्याहारी चुकवू नका. मधुमेहाची औषधं चालू असतील तर वेळापत्रक डॉक्टरांना विचारून ठरवा.

श्रद्धेचा उपवास वेगळा आणि कालच्या खाण्याची भरपाई म्हणून धरलेला उपवास वेगळा. तुमचा कोणता, हे प्रामाणिकपणे तपासा. तुकोबांची पालखी बारामती, सणसर, इंदापूर करत पंढरीला जाते, तेव्हा वारकरी पंगतीत बसून मोकळ्या मनाने जेवतो. लपून, एकट्याने खाण्यापेक्षा चार माणसांत बसून जेवा.

"दहा किलो उतरले की लग्नकार्यांना जाईन, फोटो काढीन" असं म्हणत आयुष्य पुढे ढकलू नका. वजन उतरतं, पुन्हा चढतं. त्याला बांधलेला आनंदही तसाच हेलकावे खातो. माणसं, काम, छंद आजच जवळ करा. घरच्यांनीही ताटावर आणि अंगावर शेरे मारणं थांबवावं.

मुद्दाम उलट्या काढणं, पाळी बंद होणं किंवा चक्कर येणं सुरू असेल तर थांबू नका. वारंवार उलट्यांनी रक्तातलं पोटॅशियम घटून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. डॉक्टरांना स्पष्ट सांगा. शासनाच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो. हा आजार आहे, आणि उपचाराने बरा होऊ शकतो.