सणांच्या हिशेबीं वयांत येणें

आमच्या सणांना मूल कळतें आणि नवरानवरी कळतात. त्यांच्या मधला माणूस कळत नाहीं. संक्रांतीचेंच पहावें. हलव्याचे दागिने अंगावर चढतात ते बोरन्हाणाच्या वेळीं, आणि त्यानंतर एकदम लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीस. मधलीं पंचवीस-तीस वर्षें सणाच्या वहींत कोरींच! मंगळागौर नवविवाहितेची, दिवाळसण नव्या जांवयाचा. कुमारिकेच्या वांट्याला हरितालिका आहे खरी. पण तीही चांगला पति मिळावा म्हणून.

जुन्या काळीं हें शोभत असे. मुलीच्या लग्नाला निदान १४ वर्षांची मर्यादा घालण्यासाठीं १९२९ सालीं शारदा कायदा करावा लागला, यावरून काय तें समजावें. वयांत येणें आणि बोहल्यावर चढणें यांत तेव्हां अंतरच नव्हतें. आज तें दहा-बारा वर्षांचें झालें आहे. सज्ञानतेचें वय १८ हें १८७५ च्या कायद्यानें ठरविलें. मतदानाचें वयही १९८८ च्या घटनादुरुस्तीनें २१ वरून १८ वर आणलें. ज्या मुलीला सरकार निवडण्याचा अधिकार आहे, तिला घरचा गणपति दीड दिवसांचा ठेवावा कीं पांच दिवसांचा, हें मात्र कोणी विचारीत नाहीं.

कोणी म्हणतील, लग्नानें जबाबदारी येते, म्हणून लग्नानंतर मान. दिवाळसणाला आलेल्या जांवयाकडे पहावें! तो पाटावर बसून तेल लावून घेतो, फराळ करतो आणि आहेर घेऊन जातो. ज्या मेव्हणीच्या पगारांतून तो आहेर आला, ती तिशीची अविवाहित मुलगी स्वयंपाकघरांत करंज्या तळीत असते. आणि आलेली प्रत्येक पाहुणी ‘लाडू केव्हां देणार?’ एवढेंच तिला विचारून जाते. यांत जबाबदार कोण आणि बाळ कोण?

सण मोडावे असें आमचें म्हणणें नाहीं; तिळगुळाची गोडी आम्हांसही आहे. येत्या चतुर्थीस पूजेचा संकल्प तिनें सोडावा, संक्रांतीच्या हळदीकुंकवाचें आमंत्रण तिच्या नांवानें जावें, इतकेंच आम्ही मागतों. मुलगी उद्यां परगोत्रांत जाणार, तिला कसला संकल्प, असें आजोबा म्हणतील. परंतु आज तिचें गोत्र त्यांचेंच आहे, आणि मूर्तीचे पैसेही तिनेंच भरले आहेत.