माजी विद्यार्थी म्हणजे कोण?

नाताळच्या आगेमागे आपल्या मिशन हायस्कुलांतून माजी विद्यार्थ्यांचे स्नेहमेळावे भरू लागतात. त्यांचा विधी आता ठरून गेला आहे. सकाळी मिस्सा, दिवंगत शिक्षकांसाठी प्रार्थना, मग पटांगणात मंडप, शाल-श्रीफळ, मानपत्रे, देणगीदारांच्या नावांचे वाचन, जुन्या खेळाडूंचा आजच्या मुलांशी फुटबॉलचा सामना आणि शेवटी सहभोजन. यात वाईट काहीच नाही. ज्या शिक्षकाने प्रसंगी छडीही उगारली आणि प्रसंगी परीक्षेची फी स्वतःच्या खिशातून भरली, त्याच्यापुढे पन्नाशी उलटलेल्या माणसाने वाकावे, हे दृश्य कुणाच्याही डोळ्यांत पाणी आणील. माझगावचे सेंट मेरीज (१८६४), पुण्याचे सेंट व्हिन्सेंट्स (१८६७) अशा मुलग्यांच्या जुन्या येशूसंघीय शाळांत माजी विद्यार्थ्यांची ही ओढ पिढ्यान्‌पिढ्या टिकून आहे. नाशिकमध्येही ती रुजली, याचा आनंदच मानला पाहिजे.

तेव्हा माझा वाद सोहळ्याशी नाही. माझा वाद आहे तो निमंत्रणांच्या यादीशी. ही यादी कुठून येते? मुख्याध्यापकांच्या दालनाबाहेर टांगलेल्या गुणवंतांच्या फलकावरून, मागील वर्षीच्या देणगी-पावत्यांवरून आणि अलीकडे मोबाइलवरील बॅचच्या गटांवरून. म्हणजे ज्यांची नावे सोनेरी अक्षरांत आहेत, ज्यांचे हात सढळ आहेत आणि ज्यांचा एकमेकांशी आधीच परिचय आहे, तेच ‘माजी विद्यार्थी’ ठरतात. बाकीचे विद्यार्थी जणू त्या शाळेत कधी बसलेच नव्हते!

परंतु प्रत्येक शाळेत आणखी एक यादी असते. ती कुणी भिंतीवर लावत नाही. ती कपाटात असते आणि कायम जतन करावी लागते. तिला म्हणतात जनरल रजिस्टर. शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक मुलाचे नाव, जन्मस्थळ, जन्मतारीख, धर्म-जात, दाखल झाल्याचा दिवस, शाळा सोडल्याचा दिवस आणि सोडल्याचे कारण त्यात नोंदलेले असते. पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झालेला आणि सातवीतून निघून गेलेला, दोघांनाही तिथे एकेकच ओळ मिळते. आपल्या शाळांमध्ये समतेचे याहून प्रामाणिक पुस्तक दुसरे नसेल. त्यातला ‘शाळा सोडल्याचे कारण’ हा रकाना वाचत गेले की दोन शेरे पुन्हा पुन्हा भेटतात : ‘पालकांच्या विनंतीवरून’ आणि ‘सतत गैरहजर’.

या दोन शेऱ्यांमागे काय असते, हे नाशिक परिसरात राहणाऱ्याला सांगावे लागू नये. बाप सिन्नरकडे विडीच्या कामावर किंवा सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटावर. कंत्राट संपले की खोली सुटते, आणि खोलीबरोबर शाळाही. निफाड-पिंपळगावच्या द्राक्षबागांत जानेवारीपासून खुडणीचा हंगाम असतो. घरात जितके हात, तितकी मजुरी. ऊसतोडीचे कुटुंब दिवाळीच्या सुमारास गाव सोडते आणि उन्हाळा तोंडावर आल्यावर परत येते. मुलाचे दुसरे सत्र फडातच जाते. रजिस्टरात मात्र एवढेच उमटते : सतत गैरहजर. ज्या मुलाला आपण त्या वेळी गैरहजर म्हटले, त्याला आता स्नेहमेळाव्यालाही गैरहजरच ठेवायचे काय?

हा प्रश्न इतर कोणत्याही शाळेपेक्षा आपल्या शाळांना अधिक टोचला पाहिजे. नाशिक धर्मप्रांत १९८७ साली पुणे धर्मप्रांतातून वेगळा झाला आणि थॉमस भालेराव हे येशूसंघीय त्याचे पहिले बिशप झाले. या धर्मप्रांताची मुळे शहरातील इमारतींत नाहीत. ती पूर्वीच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील केंदळ, वळण, संगमनेर अशा गावांत आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत मिशनरी तेथे पोहोचले, आणि ज्यांना गावच्या विहिरीवर व शाळेत थारा नव्हता, अशांनी त्यांचा हात धरला. मिशनचे वसतिगृह, ज्याला आपण सारे ‘बोर्डिंग’ म्हणतो, ते त्या लोकांच्या मुलांसाठी निघाले. लोखंडी पेटी, एक ताट-वाटी आणि पातळ आमटी यांवर वाढलेले हे बोर्डिंगचे मुलगे म्हणजे आपल्या शिक्षणकार्याचा पाया. आज मेळाव्याच्या स्मरणिकेत डॉक्टर दिसतात, कर्नल दिसतात, परदेशी स्थायिक झालेले अभियंते दिसतात. बोर्डिंगमधून निघून गावी परतलेला शेतमजूर त्यात दिसतो का? प्रेसमधून निवृत्त झालेला कामगार, रिक्षाचालक, चर्चचा साक्रिस्तान तरी दिसतो का?

या संदर्भात नाशिकच्या भूमीने एक जुना धडा आपल्यासाठी जपून ठेवला आहे. तो आपल्या पंथातला नाही, अँग्लिकन मिशनचा आहे. पण धडा घेताना पंथ पाहू नये. शरणपूर येथे चर्च मिशनरी सोसायटीने आफ्रिकी मुलांसाठी आश्रम उघडला. अरबी समुद्रात गुलामांच्या गलबतांतून सोडवलेली ही मुले तिथे लिहावाचायला आणि सुतारकाम-लोहारकाम यांसारखे हुन्नर शिकली. डेव्हिड लिव्हिंगस्टनने आपल्या अखेरच्या सफरीसाठी १८६५ मध्ये त्यांच्यातून नऊ जण निवडले. इंग्रजी कागदपत्रांत त्यांना ‘नासिक बॉइज’ म्हटले आहे. पुढे १८७२ मध्ये शरणपूरचाच आणखी एक विद्यार्थी, जेकब वेनराइट, त्या तांड्यात सामील झाला. १८७३ मध्ये लिव्हिंगस्टन आफ्रिकेच्या अंतर्भागात वारला, तेव्हा त्याचे हृदय तिथेच पुरताना प्रार्थना वाचली ती जेकबने आणि झाडाच्या बुंध्यावर मृत्युलेख कोरला तोही जेकबनेच. मग सोबत्यांनी तो देह शेकडो मैल चालत समुद्रकिनाऱ्यापर्यंत आणला. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफनविधी झाला, तेव्हा शवपेटीच्या मानकऱ्यांत शरणपूरचा हा अनाथ विद्यार्थी होता.

आणि बाकीचे? किनाऱ्यावर पोहोचल्यावर त्यांना मजुरी देऊन मोकळे करण्यात आले. नंतर लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्या निष्ठावंतांसाठी पदके घडवली. परंतु तोवर अनेक जण पांगले होते आणि साऱ्यांच्या हाती ती पदके पडली नाहीत. हीच आपल्या मेळाव्याचीही कथा आहे. पदके आपणही घडवतो, पण पत्ते शोधण्याचे कष्ट घेत नाही. ज्यांचे पत्ते हाताशी असतात, त्यांनाच ती पुन्हा पुन्हा वाटतो.

‘अहो, पण माजी विद्यार्थी संघ हा शाळेला हातभार लावण्यासाठीच असतो,’ असे पदाधिकारी म्हणतील. हे गृहीतकच मला तपासायचे आहे. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणाविषयीचे घोषणापत्र प्रसिद्ध केले. त्यात माजी विद्यार्थी संघांचा उल्लेख आहे. तो कुणाच्या कर्तव्यात येतो? शिक्षकांच्या! विद्यार्थी शिक्षण संपवून गेल्यानंतरही शिक्षकांनी सल्ला देऊन, मैत्री राखून आणि खास संघ स्थापून त्यांना साहाय्य करीत राहावे, असा त्या वचनाचा आशय आहे. म्हणजे विश्वपरिषदेच्या कल्पनेत ओघ शाळेकडून विद्यार्थ्याकडे वाहतो. आपण तो उलटा फिरवला. शाळेने काय द्यावे, ही चर्चा बंद पडली आणि विद्यार्थ्याने काय द्यावे, एवढेच कार्यक्रमपत्रिकेवर उरले. त्याच घोषणापत्रात गरिबांची, कौटुंबिक आधाराला पारख्या झालेल्यांची आणि आपल्या श्रद्धेबाहेरील मुलांची विशेष काळजी वाहण्यास सांगितले आहे. ती काळजी दाखला दिला की संपते, असे तिथे कुठेही लिहिलेले नाही.

३१ जुलै १९७३ रोजी स्पेनमधील व्हॅलेन्सिया येथे युरोपातील येशूसंघीय शाळांच्या माजी विद्यार्थ्यांपुढे संघाचे प्रमुख फादर पेद्रो अरुपे यांचे भाषण झाले. प्रतिष्ठितांचा तो मेळावा. कौतुकाचे चार शब्द ऐकायला जमलेला. फादर अरुपे यांनी त्यांना विचारले : आम्ही तुम्हांला न्यायासाठी घडवले का? आणि उत्तरही त्यांनीच दिले : नाही. इतरांसाठी जगणारी माणसे घडवणे हेच यापुढे आपल्या शिक्षणाचे ध्येय असले पाहिजे, असे ते म्हणाले. ते भाषण काही श्रोत्यांना झोंबले. पण आज जगभरच्या येशूसंघीय शाळा ज्या घोषवाक्याचा अभिमान मिरवतात, ते त्याच भाषणाने रूढ केले. आपल्या मेळाव्यांच्या फलकांवर ते घोषवाक्य असते. ज्या प्रश्नातून ते निघाले, तो प्रश्न मात्र व्यासपीठावरून कुणी विचारीत नाही.

यात एक घटनात्मक बाजूही आहे. भारतीय राज्यघटनेच्या कलम ३० मुळे अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा आणि चालवण्याचा हक्क आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने खासगी शाळांना दुर्बल व वंचित घटकांसाठी २५ टक्के जागा ठेवण्यास सांगितले. ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा अल्पसंख्याक शाळांना, त्या अनुदानित असोत वा विनाअनुदानित, लागू होत नाही असा निर्णय दिला. आपण तो निर्णय समाधानाने स्वीकारला. ठीकच आहे, हक्क जपायलाच हवा. पण कायद्याने जे आपल्यावर लादले नाही, ते सदसद्विवेकाने आपल्यावर दुप्पट लादले आहे. अल्पसंख्याक समाजाच्या नावाने सवलत घ्यायची आणि त्याच समाजातील गरीब विद्यार्थ्याला मेळाव्याच्या दारात ओळखही द्यायची नाही, याला हक्क म्हणत नाहीत.

आता आक्षेपांचा विचार करू. पहिला आक्षेप : पत्ते मिळत नाहीत. रजिस्टरात गावाचे नाव आहे, आणि बहुतेक गावांवर कुठल्या ना कुठल्या धर्मग्रामाचे लक्ष आहे. रविवारच्या मिस्सेनंतर वीस नावे वाचून दाखवा. त्यांतल्या दहांचे पत्ते तिथल्या तिथे मिळतील. दुसरा आक्षेप : ते लाजतील, येणार नाहीत. का लाजतील? व्यासपीठावर फक्त पदांची आणि पगारांची उजळणी होते म्हणून. वर्गणी एवढी, पोशाख असा, सारे भाषण इंग्रजीतून. इतके उंबरठे रचल्यावर तो येत नाही, हा दोष त्याचा कसा? तिसरा आक्षेप : शाळेला पैसा लागतोच. निर्विवाद लागतो. देणगीदाराने द्यावे आणि शाळेने कृतज्ञतेने घ्यावे. परंतु देणगीची पावती आणि घरी येण्याचे आमंत्रण या दोन वेगळ्या वस्तू आहेत. लूककृत शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात प्रभूने हे इतके स्पष्ट सांगितले आहे की भाष्याची गरज नाही : मेजवानी देताना श्रीमंत शेजाऱ्यांना बोलावू नका, कारण ते परतफेड करतील, ज्यांच्याजवळ परत द्यायला काही नाही, त्यांना बोलवा.

केवळ टीका करून थांबणे योग्य नव्हे, म्हणून काही सूचना मांडतो. पहिली, निमंत्रणाची यादी जनरल रजिस्टरावरून करावी. पंचवीस वर्षांपूर्वी दाखल झालेल्या तुकडीतील प्रत्येक नाव, मग तो दहावीपर्यंत पोहोचला असो वा नसो. दुसरी, मेळावा मे महिन्यात घ्यावा. डिसेंबर ही परदेशस्थांची सोय आहे. तेव्हा ऊसतोड कामगार फडात असतो. मे महिन्यात वर्ग रिकामे असतात आणि गावाकडची माणसेही घरी असतात. तिसरी, प्रवेशमूल्य नसावे आणि कार्यक्रम मराठीतून व्हावा. ज्याला इंग्रजीत बोलायचे त्याने खुशाल बोलावे. चौथी सूचना मला सर्वांत महत्त्वाची वाटते. शाळा अर्ध्यावर सुटलेल्याला आपल्या राज्यात १७ नंबरचा फॉर्म भरून दहावीची परीक्षा खासगीरीत्या देता येते. माजी विद्यार्थी संघाने दरवर्षी अशा काही जणांचा फॉर्म, फी, पुस्तके आणि संध्याकाळची शिकवणी यांची जबाबदारी उचलावी. जे निवृत्त शिक्षक सत्काराला येतात, ते शिकवायलाही येतील. किंबहुना शालीपेक्षा त्यांना तेच अधिक रुचेल. प्रवेशद्वाराच्या कमानीवर नाव कोरण्यापेक्षा एखाद्याच्या दहावीच्या प्रमाणपत्रावर त्याचे नाव उमटवणे हे मोठे स्मारक आहे.

इंग्रजीतील ‘होमकमिंग’ या शब्दाचा आपण सरळ अर्थ घेतो : घरी परतणे. घर कुणाचे असते? ज्याने भाडे भरले त्याचे नव्हे. ज्याची आठवण तिथे काढली जाते त्याचे. आपली शाळा ज्या मुलाची आठवण काढत नाही, त्याच्यासाठी ती केवळ एक इमारत होती, जिच्यात त्याने काही महिने काढले. ती त्याचे घर व्हावी असे वाटत असेल, तर संघाच्या पुढच्या बैठकीत नवे मानपत्र कुणाला द्यायचे हा विषय क्षणभर बाजूला ठेवावा, कपाटातून ते जाड रजिस्टर काढावे आणि ‘सतत गैरहजर’ हा शेरा असलेले पहिले नाव मोठ्याने वाचावे. त्या नावाचे निमंत्रण जोवर पोस्टात पडत नाही, तोवर आपल्या मेळाव्याला स्नेहमेळावा म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.